किनारीची चार बोटं सोडून

काही माणसं जाताना कधीही भरून न येणारी पोकळी मागे ठेवून जातात. बाळाराम भोईर हा त्यांतलाच एक. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या ज्या गोदामात, उत्तरेकडच्या ज्या खिडकीखाली तो बत्तीस वर्षं उभा राहून कापड तपासत होता, तिथली त्याची पोकळी मी मुद्दाम जाऊन पाहून आलो. तिच्यात सुताच्या कोनांची खोकी रचलेली आहेत. सहा आडवी, चार उभी. चौकशी केल्यावर कळलं, की ही खोकी त्याने काम सोडलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात आली. म्हणजे पोकळी भरून यायला त्याच्या मरणाचीसुद्धा वाट पाहावी लागली नव्हती.

बातमी मला रफिकभाईंनी दिली. रफिकभाई यंत्रमागांचे मालक. त्यांच्या मागांवरचं कापड बाळारामच्या टेबलावर यायचं आणि दोघांचं भांडण व्हायचं. हा क्रम इतकी वर्षं चालला, की त्याला मैत्री म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सकाळी साडेआठला त्यांचा फोन आला. "भाई, अपना चेकर गया," एवढंच म्हणाले. फोनमधून मागांचा खडखडाट ऐकू येत होता, तो एकदम थांबला. त्यांनी माग बंद करायला सांगितले, की वीज गेली, हे मी विचारलं नाही. भिवंडीत दोन्ही शक्य असतं.

बाळाराम आणि मी कोन गावच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी शहरातल्या एका वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या कामाला लागलो, तेव्हापासून त्याने मला नावाने हाक मारणं सोडलं आणि "पुस्तक्या" म्हणायला लागला. तो वाचनालयात नियमित यायचा, पण एकही पुस्तक त्याने कधी उघडलं नाही. कपाटातून कापडी बांधणीचा एखादा जाडजूड ग्रंथ काढायचा, खिशातली काच पुठ्ठ्यावर ठेवायचा, मोजायचा आणि निकाल द्यायचा. एका फार मोठ्या विद्वानाच्या समग्र वाङ्मयाला त्याने "सुतात खोट हाय" असं सांगून परत ठेवलं होतं. आतला मजकूर वाचून मीही साधारण त्याच निष्कर्षाला आलो होतो, फक्त मला चार महिने लागले.

ती काच पितळेची होती, घडीची. खाली एक इंचाची चौकट, वर भिंग. कापडावर ठेवायची आणि चौकटीत किती धागे येतात ते सुईच्या टोकाने मोजायचं. मागावरून उतरलेलं कोरं कापड, ज्याला इकडे ग्रे म्हणतात, त्याचा सौदा या आकड्यावर ठरतो. ही काच त्याला त्याच्या उस्तादाने काम सोडताना दिली होती आणि सोबत एक नियम दिला होता. किनारीची चार बोटं सोडून मोजायचं. किनार मजबूत राहावी म्हणून तिथे धागे दाट घालतात, तिथला आकडा फसवतो. कापडाचं खरं-खोटं मधे. हा नियम या धंद्यात सगळेच पाळतात. पण बाळारामने तो जन्मभर इतक्या निष्ठेने पाळला, की पुढे पुढे त्याला कुठल्याही गोष्टीची किनार बघायची म्हटली तर कमीपणा वाटायचा. लग्नाला गेला तर मांडवाच्या मधोमध जाऊन बसायचा आणि तिथून थेट घरी यायचा.

रफिकभाईंशी त्याचं कायमचं भांडण एका ताग्यावरून होतं. रफिकभाई म्हणायचे, इंचाला छप्पन्न धागे आहेत. बाळारामच्या काचेत चौपन्नच यायचे. "दोन धागे खाल्लेस," बाळाराम म्हणायचा. "कसम से, छप्पन है," रफिकभाई म्हणायचे. "कसम नको खाऊ, आधीच दोन धागे पोटात हायेत." त्या ताग्यातला वीतभर तुकडा बाळारामने कापून पुठ्ठ्यावर चिकटवला होता आणि पुरावा म्हणून घरी कपाटात ठेवला होता. कोणत्या न्यायालयात तो दाखल होणार होता, कोण जाणे.

साखर त्याला फार वर्षांपासून होती. तिच्याकडे त्याने किनारीकडे बघावं तसंच बघितलं. मग तीन वर्षांपूर्वी एके दिवशी त्याने तीन वेगवेगळ्या मालकांचा माल एका दमात नापास केला. मधले धागे वाकडे आहेत, ताणा ढिला आहे, असं त्याचं म्हणणं. तिघांचे माग एकाच दिवशी बिघडायला काही कारण नव्हतं. रफिकभाई स्वतः गोदामात आले, कापड बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि भांडायचं सोडून हळूच म्हणाले, "बाळारामभाई, कपडा ठीक है. आंख दिखा लो."

डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. साखरेमुळे येते तशी, आणि नेमकी मधोमध. ठाण्याच्या एका रुग्णालयात मी त्याला घेऊन जायला लागलो. त्या इमारतीबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे, कारण पुढच्या घोळात तिचा वाटा आहे. दारात संस्थापकांचा संगमरवरी अर्धपुतळा, त्याला रोज ताजा हार. भिंतीवर सोनेरी अक्षरांत दृष्टीचं महत्त्व सांगणारं एक वचन, ज्याची अक्षरं इतकी वळणदार की ज्यांना ते वाचता येईल त्यांना रुग्णालयाची गरज नसावी. प्रतीक्षागृहातल्या पडद्यावर संस्थापकांची मुलाखत अखंड चालू. अशा ठिकाणी माझी जीभ स्वस्थ बसत नाही. समोर बसलेला बाळाराम हसायचा, आणि तो हसला की मला आणखी सुचायचं. डोळ्यात सुई टोचून घ्यायला आलेल्या माणसाला हसवणं हे पुण्याचं काम आहे, असं मी स्वतःला सांगत असे.

आधी एका प्रकारची इंजेक्शनं झाली. सूज थोडी हटायची, पुन्हा यायची. मग संक्रांतीनंतर डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरवलं, आठवड्याच्या अंतराने दोन्ही डोळ्यांत. या डॉक्टर वयाने लहान होत्या आणि साधं बोलायच्या. कागदावर डोळ्याचं चित्र काढून त्यांनी सांगितलं, "काका, याने सूज उतरेल, दिसायला लागेल. पण काही लोकांच्या डोळ्यातला दाब या औषधाने वाढतो. तो दुखत नाही. समोरचं नीटच दिसत राहतं. आतल्या आत नस मरते. म्हणून दिसायला लागलं तरी, चार आठवड्यांनी दाब मोजायला यायचंच." त्या सगळ्या इमारतीत गाजावाजा नसलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे ही चार-पाच वाक्यं. पुतळ्याजवळून बाहेर पडताना मी बाळारामला म्हणालो, "बघ, ही खरी दुकानदारी. माल दुरुस्त झाला तरी गिऱ्हाइकाने परत यायचं."

त्याला हे फार आवडलं. कोनपासून पूर्णापर्यंत त्याने ते शंभर जणांना सांगितलं असेल.

महिन्याभरात त्याचा सकाळीच फोन. "ए पुस्तक्या, चौपन." मला काही कळेना. तर त्याने कपाटातला तो रफिकभाईंचा तुकडा काढला होता, खिडकीशी नेला होता, एक डोळा मिटून काचेतून धागे मोजले होते, मग दुसरा मिटून मोजले होते. दोन्ही डोळ्यांनी चौपन्न. धागे सरळ, उभे, जागच्या जागी. त्याच्या आवाजात मी कधी न ऐकलेलं काहीतरी होतं... तो पुन्हा कामावर जाऊ शकणार होता. ज्या माणसाने आयुष्यात एकच गोष्ट उत्तम केली, त्याला ती परत मिळाली होती. मी जाऊन आलो. त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी, बिनसाखरेचा चहा दिला आणि सणासारखा दिला.

त्यानंतर रोज सकाळी तो चौपन्न मोजायचा. रुग्णालयातून फोन आले. तीन आले, असं वहिनी सांगतात. पलीकडची मुलगी दाब तपासायला कधी येताय विचारायची आणि बाळाराम उत्तर द्यायचा, "माजे चौपन येतात." त्या मुलीने ते कुठे लिहून घेतलं असेल, देव जाणे. एकदा त्याने मला विचारलं होतं, जाऊ का म्हणून. मी म्हणालो, "दिसतंय ना? मग कशाला जातोस पुतळ्याला हार घालायला?" हे मी माझ्याच शब्दांत लिहितो आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालायची सोय असती तर बरं झालं असतं.

पुढचे सात-आठ महिने तो बत्तीस वर्षांत केलं नव्हतं इतकं चोख काम करत होता. त्याच वेळी तो टेबलावरचा चहा सांडायला लागला होता. बाजूला येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ओळख देईनासा झाला होता, त्यामुळे दोघे-तिघे नाराज झाले. दुकानदार म्हणाले, भोईरांच्या जमिनीवर गोदाम आलं आणि भोईरांना मस्ती आली. कोनच्या वळणावर त्याने स्कूटर कठड्याला घासली आणि कठड्याला शिव्या दिल्या. मी हे सगळं ऐकत होतो आणि त्यातून वार्धक्याविषयी एक छान विनोदी लेख होईल असं मला वाटत होतं.

गणपतीच्या जेवणाला मी त्याच्याकडे होतो. ताटात डाव्या बाजूला भाजी होती. बाळाराम भात कालवत म्हणाला, "भाजी न्हाय केली आज?"  वहिनींनी ताट हळूच थोडं फिरवलं. भाजी समोर आली, तो जेवायला लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या हे रोज करत असाव्यात. हात सवयीने फिरला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्याला. दाब मोजला, तो जेवढा असायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त निघाला. बाळाराम डॉक्टरांना म्हणाला, "मशीन बदला तुमची." त्याने खिशातून पुठ्ठा काढला, काच काढली, त्यांच्या टेबलावर ठेवून मोजून दाखवलं. उजव्याने चौपन्न, डाव्याने चौपन्न. "ही काच बत्तीस वर्सं खोटं न्हाय बोलली," तो म्हणाला. डॉक्टर ते शेवटपर्यंत बघत बसल्या, मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "काका, तुमचं मधलं दिसणं उत्तम आहे. मी बाजूचं विचारतेय."

"किनार कोन मोजतंय?" बाळाराम म्हणाला. हे तो चेष्टेत म्हणाला नव्हता.

त्याला एका यंत्रासमोर बसवलं. आत ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ बटणाचा आवाजच येत नव्हता. मधेच चार-पाच वेळा आला, पुन्हा शांत. छापून आलेल्या कागदावर दोन गोल होते, कडेने काळेभोर, मधे बोटभर उजेड. बाळारामने तो कागद हातात घेतला आणि सवयीने तपासावा तसा तपासला. कापडाचाच माणूस तो. त्याने एकच प्रश्न विचारला. "हे रफू होतं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आहे तेवढं राखायचा प्रयत्न करू."

येताना त्याने माझा दंड धरला होता. पायऱ्या उतरताना मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती, कारण पुतळा जवळ आला होता. मी त्याला फक्त पुढच्या पायऱ्या सांगत राहिलो.

थेंब सुरू झाले, मग दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दाब खाली आला. अगदी नॉर्मल, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं काम त्यांनी चोख केलं होतं. नस जी गेली ती गेली, आणि दाब नॉर्मल असतानाही उजेडाचं ते बोट महिन्यामहिन्याने बारीक होत गेलं. मी समोर बसलो की तो म्हणायचा, "तुजं नाक तेवढं दिसतंय. पुरं हाय. बाकी काय बघन्यासारखं हाय तुज्यात?"

काम सुटलं तेव्हा गोदामाच्या मालकांनी सत्कार ठेवला. मंडप, हार, ध्वनिक्षेपक. प्रमुख पाहुणे सूक्ष्म दृष्टी या विषयावर अर्धा तास बोलले. सत्कारमूर्तीला त्या दृष्टीचं नेमकं काय झालं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. शाल पांघरली. बाळारामने तिथेच, व्यासपीठावर, काच काढून शालीवर ठेवली, नाक टेकेपर्यंत वाकला आणि मोजलं. ध्वनिक्षेपक जवळच होता. "अडतीस," सगळ्या मंडपाला ऐकू आलं. "भिकार माल." लोक हसले. रफिकभाई हसले नाहीत. ते पुढे होऊन त्याला पायऱ्यांवरून उतरवायला उभे राहिले होते, आणि नेमके अशा बाजूला उभे होते जिथे ते त्याला दिसत नव्हते.

शेवट डोळ्याने झाला नाही, पायाच्या करंगळीने झाला. घरच्या जमिनीवर गोदाम उठून पैसे आल्यावर त्याच्या मुलांनी कोनला बंगला बांधला, त्यात एक सोफा आणला. त्याच्या पायांना लाकडी सिंहाचे पंजे आहेत, नखांसकट. खालचं आणि बाजूचं बाळारामला दिसतच नव्हतं. साखरेने पावलं बधिर झालेली. पंजाचं नख करंगळीला लागलं ते दोन दिवसांनी वहिनींना फरशीवरच्या डागांवरून कळलं. जखम भरली नाही. करंगळी काढली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. सोफा अजून तिथेच आहे. तेराव्याला आलेले लोक त्याच्यावर बसले होते.

मी त्याला शेवटचं भेटलो ते पाय काढल्यानंतर, रुग्णालयात. खाट भिंतीला लागून होती. तो छताकडे बघत होता, म्हणजे छताच्या एका बशीएवढ्या तुकड्याकडे. दीड-दोन वर्षं जे टाळलं होतं ते मी त्या दिवशी बोललो. म्हणालो, "बाळ्या, मी तेव्हा ते दुकानदारीचं बोललो नसतो, तर तू दाब तपासायला गेला असतास..."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली.

"तू काय डॉक्टर हायस?" तो म्हणाला. "तुला कोन इचारतंय? मी माज्या काचंला इचारलं. ती चौपन बोलली. काचंनं सांगितलं, मी आयकलं. तू मधी येतोस कुठं?"

हे त्याने मला सोडवण्यासाठी म्हटलं, की खरंच त्याचा विश्वास होता, हे मला ठरवता आलेलं नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं असतं तर कदाचित कळलं असतं. पण तो माझं नाक शोधत होता आणि ते त्याला सापडत नव्हतं. चार दिवसांनी तो गेला.

महिन्याने वहिनींनी मला बोलावून ती काच आणि पुठ्ठ्यावरचा तुकडा दिला. "घरात कोनाला कामाचं न्हाय," म्हणाल्या, "आन टाकवत बी न्हाय." मला चहा दिला. कप समोर ठेवला आणि पुन्हा उचलून, अगदी नाकासमोर येईल असा, अलीकडे सरकवला. मग त्यांच्या लक्षात आलं.

आता रोज सकाळी मी खिडकीशी बसून ते धागे मोजतो. माझी दृष्टी तपासतो असं नाही. तसं म्हटलं तर मी मध्यंतरी डोळ्याचा दाबही मोजून आलो, त्याच इमारतीत, त्याच पुतळ्याला वळसा घालून. माझा नॉर्मल आहे. मोजतो ते केवळ सुई धरून त्याचा हात कसा सरकत असेल ते बघायला. चौपन्नच येतात. गेल्या आठवड्यात रफिकभाई आले होते. त्यांनीही काच मागून घेतली, चष्मा वर करून मोजलं, एकदा, दोनदा. इतक्या वर्षांत त्यांनी त्या काचेला पहिल्यांदाच डोळा लावला असावा. काच घडी करून परत दिली आणि म्हणाले, "चौपन ही सही, भाई. अब क्या झगडना." एवढं बोलून उठले. बत्तीस वर्षांच्या भांडणात त्यांनी शरणागती दिली, ती ऐकायला ज्याने यायला हवं होतं तो आला नाही.

ते गेल्यावर टेबलावर काच होती आणि शेजारी माझी पोलादी पट्टी. हात रिकामा होता म्हणून मी पट्टी चौकटीला लावली. इंच पंचवीस पूर्णांक चार दशांश मिलिमीटरचा असतो. उस्तादाच्या काचेची चौकट साडेचोवीस भरली. पुन्हा लावली, दुसऱ्या बाजूनेही लावली. साडेचोवीस. मग कागद घेऊन गुणाकार-भागाकार केला. रफिकभाईंच्या कापडात इंचाला छप्पन्न धागे आहेत.